हुकूम पुढे धाडणारे

हफ्र अल बातिन,
दि. १२ ऑक्टोबर १९९०

ती. गुणाजीकाकांस,
चंदनचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. अख्ख्या कॅम्पात माथ्यावर 'श्री' न घातलेलं पत्र मला एकट्यालाच येतं, त्यामुळे चुकून दुसऱ्याच्या हाती पडलं तरी फिरून माझ्याकडेच येतं. तुमच्या नास्तिकपणाचा हा एक उपयोग.

माझी प्रकृती ठीक आहे. इराकने कुवेत घेतल्यापासून गावाचं मात्र रूप पालटलं आहे. कुवेतची हद्द इथून गाडीने तास-दीड तासावर. रस्त्यावर दिवसभर लष्करी ट्रक, अमेरिकन, इजिप्शियन, सगळे. बाजारात कांदा मिळत नाही आणि खाकी रंगाचा कपडा मिळत नाही. आमच्या कंपनीकडे लष्करी वसाहतीतल्या वातानुकूलन यंत्रांची आणि इमारतींची देखभाल आहे, त्यामुळे काम तिपटीने वाढलं. कॅम्पचा प्रमुख म्हणून सगळी ओरड माझ्याकडे येते.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. कामगारांचे पासपोर्ट इथे कंपनीच्या ताब्यात असतात, हे तुम्हाला माहीत आहे. ते माझ्या ऑफिसातल्या तिजोरीत आहेत आणि किल्ली माझ्या कमरेला. गेल्या आठवड्यात रियाधहून मॅनेजरचा हुकूम आला की परिस्थिती निवळेपर्यंत एकाही माणसाला सोडायचं नाही. माणसं गेली तर कंत्राट जाईल. मी तो जेवणघरात वाचून दाखवला. हाशम म्हणून श्रीवर्धनचा एक गवंडी आहे, वयाने माझ्याहून मोठा. तो शांतपणे म्हणाला की रियाधशी त्याचं काही बोलणं नाही, ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला तो विचारतो आहे. मी म्हटलं, माझ्या हातात काही नाही. सगळ्यांनी माझ्या कमरेकडे पाहिलं.

तुम्ही आयुष्यभर सभा गाजवल्यात. मी या लोकांना काय सांगावं ते लिहा. ममताला मी इथे सगळं शांत आहे असंच कळवतो. रत्नागिरीला गेलात तर तुम्हीही तेच सांगा.

लोभात काही कमी नाही, तसाच ठेवावा.

आपला,
चंदन


देवरुख,
दि. ३ नोव्हेंबर १९९०

चि. चंदन यास,
गुणाजीकाकाचे अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहितो. न विचारता लिहिलं असतं तर म्हातारा पुन्हा सुरू झाला म्हणाला असतास.

तुला ठाऊक आहे की दुसऱ्या महायुद्धात, चोविसाव्या वर्षी, मी इटलीत होतो, पलटणीत हवालदार-कारकून. युद्ध संपल्यावर आमच्यातल्या काहींना एका कैदी छावणीच्या ऑफिसात बसवलं. तिथे जर्मन जनरल फॉन राउटेनबाख कैदेत होता. मोठ्या जमीनदाराचा मुलगा. पहिल्या महायुद्धात कोवळा लेफ्टनंट, छातीवर पदक. मधल्या काळात जर्मनीचं सैन्य एवढंसं उरलं, तेव्हाही ज्यांना ठेवून घेतलं त्यांत हा होता, कारण वरच्याला कधी उलटून बोलला नाही. नवं सरकार आलं, नवी शपथ आली, ती त्याने घेतली. पोलंडमध्ये रेजिमेंट, रशियात डिव्हिजन, इटलीत अख्खी कोअर. दर पायरीला पदक आणि दर पायरीला खाली दबलेली गावं. माणूस वाईट नव्हता, असं सगळे सांगतात. पियानो वाजवायचा. घोड्यांची त्याला कणव होती.

चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला: मारल्या गेलेल्या एका जर्मन शिपायामागे गावातली ठरावीक माणसं मारायची. त्याने तो खाली धाडला. स्वतःची एकच ओळ जोडली, की अंमलबजावणीचा अहवाल संध्याकाळपर्यंत मिळावा. डोंगरातल्या एका गावाचा अहवाल संध्याकाळच्या आत आला. त्या गावात मी नंतर गेलो आहे. तिथली चर्चची घंटा वाजवायला म्हातारी बाई चढायची, कारण गावात पुरुष नव्हता.

आणि आम्ही काय करत होतो? त्याला सलाम ठोकत होतो. कैदी असला तरी हुद्दा जनरलचा, असा छावणीचा नियम होता. त्याचे बूट पुसायला आमच्या पलटणीतला शिपाई दिला होता, साताऱ्याकडचा. गुलाम देशाचा माणूस खुन्याचे बूट पुसतो आणि त्याला शिस्त म्हणतात. त्या दिवसापासून शिस्त या शब्दावर माझा विश्वास नाही.

तुझ्या मॅनेजरने हुकूम काढला. तू तो वाचून दाखवलास. तुझी तुलना मी कुणाशी करत नाही. पण हुकूम वरून खाली एकटा येत नाही, त्याला वाटेत माणसं लागतात. तू त्या वाटेवर उभा आहेस. किल्ली दे.

प्रकृतीस जप. पाणी भरपूर पीत जा. आशीर्वाद न मागता मिळतात, पत्रं मागावी लागतात, तेवढी पाठवत राहा.

तुझा,
गुणाजीकाका


हफ्र अल बातिन,
दि. ८ डिसेंबर १९९०

ती. गुणाजीकाकांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, दोनदा वाचलं, मग रागावून ठेवून दिलं. तुमच्या शब्दांत देवरुखहून हफ्रपर्यंत यायची ताकद आहे, पण त्यांना इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, लागत नाही आणि कफील, म्हणजे जामीन राहणारा इथला मालक, नसतो. मला दोन्ही आहे.

किल्ली दे, असं तुम्ही लिहिता. समजा दिली. पासपोर्ट हातात घेऊन हाशम गेटाबाहेर पडला. गावाच्या वेशीवर पहिली चौकी. तिथे पासपोर्टला कोणी विचारत नाही, कफीलच्या सहीशिक्क्याचं पत्र विचारतात: हा माणूस माझा, याला रियाधला जायला माझी परवानगी आहे. ते नसेल तर तो पळालेला कामगार. थेट कोठडी. देश सोडायचा तर वर आणखी सुटीच्या व्हिशाचा शिक्का हवा. सुटीवर जायची ज्यांची पाळी होती त्यांच्या पासपोर्टवर तो ऑगस्टआधीच पडला आहे, हाशमही त्यांतलाच. बाकीच्यांचं काय ते जेद्दाला आपल्या कॉन्सुलेटच्या दारात बसून होईल. पण तिथपर्यंत पोचायला पत्र पाहिजेच. म्हणजे नुसती किल्ली देऊन मी या लोकांना लढाईतून काढून तुरुंगात घातलं असतं, आणि तुम्ही देवरुखात टाळ्या घेतल्या असत्या. राग मानू नका.

आता जे लिहितो ते तुमच्यापुरतं. आमचा कफील असलेला शेख वयस्कर, भला माणूस आहे. दर वेळी पत्रासाठी रियाधला माणूस पाठवायला नको म्हणून तो कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून, शिक्का मारून एक गठ्ठा माझ्याकडे देऊन ठेवतो. सुट्या भागांसाठी ड्रायव्हर रियाधला पाठवायचा झाला की वरचा मजकूर मी टाइप करतो. इकडे विश्वासाच्या माणसाशी असंच चालतं. सात वर्षांत एक कागद मी इकडचा तिकडे केला नाही. म्हणूनच तर ते माझ्या टेबलाच्या खणात आहेत.

मॅनेजर बायकामुलांना घेऊन जेद्दाला निघून गेला. जाताना ऑफिसच्या लोकांसाठी विषारी वायूचे मुखवटे देऊन गेला. कामगारांना टॉवेल ओले करून तोंडाला बांधायला सांगा, म्हणाला. हे मी जेवणघरात वाचून दाखवलं नाही.

तुमच्या जनरलचं पुढे काय झालं? तुम्ही गोष्ट अर्धी ठेवता, ही जुनी खोड.

आपला लोभ असतोच, या रागावरही असू द्या.

चंदन


देवरुख,
दि. ३० डिसेंबर १९९०

चि. चंदन यास,
अनेक आशीर्वाद.

तू रागावलास हे बरं झालं. मी चौकीचा विचार केला नव्हता, हे कबूल. चाळीस वर्षं व्यासपीठावरून बोलणाऱ्याला चौक्या दिसत नाहीत.

खटला ऐक. इंग्रजांचं लष्करी न्यायालय, इटलीतल्या एका शहरात, थंडीचे दिवस. मला नोंदी टाइप करायला मागच्या बाकावर बसवलं होतं. जनरल रोज दाढी करून, गणवेशावरच्या पदकं काढलेल्या जागा स्वच्छ घासून यायचा. बचावात तो एकच सांगत राहिला. हुकूम वरून आला, मी त्यात काही वाढवलं नाही, काही कमी केलं नाही. सरकारी वकिलाने संध्याकाळच्या अहवालाची ओळ दाखवली. तेव्हा तो म्हणाला की तो कामकाजाचा भाग आहे. कामकाज. गावाच्या भिंतीशी उभ्या केलेल्या माणसांचं त्याच्या भाषेतलं नाव.

मग साक्षीला एक जर्मन कॅप्टन आला. बुटका, चष्मेवाला, आधी शाळामास्तर. शेजारच्या गावासाठीचा तोच हुकूम त्याच्याकडे आला होता. त्याने तो अमलात आणला नाही. गाव रिकामं सापडलं असं कळवून मोकळा झाला. न्यायाधीशांनी विचारलं की याबद्दल तुम्हाला शिक्षा काय झाली. तो थोडा वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, बदली. जनरलकडे मी तेव्हा पाहिलं. सबंध खटल्यात त्या एकाच वेळी त्याने मान खाली घातली होती. फाशीची शिक्षा ऐकतानाही घातली नाही.

चंदन, जगातले सगळे जुलूम या भीतीवर उभे आहेत की नाही म्हटलं तर आपलं काय होईल. आणि शंभरातल्या नव्वद वेळा होते ती बदली. या लढाईत कुणाचं तेल कुणाच्या विहिरीतून निघेल हे ठरायचं आहे, त्यात श्रीवर्धनच्या गवंड्याने ओला टॉवेल बांधून का मरावं? तुझ्या खणात कागद आहेत. शेखचा विश्वास मोठा, मान्य. पण तो विश्वास कंत्राटावर आहे की माणसांवर, हे तू ठरव. जास्तीत जास्त तुला ते घरी पाठवतील. घर इथे आहे, आणि कौलं मी यंदा बदलून घेतली आहेत.

आशीर्वाद पोस्टाच्या वेगाने पोचत नाहीत, आधी पोचतात असं धरून चाल.

तुझा,
गुणाजीकाका


हफ्र अल बातिन,
दि. १२ जानेवारी १९९१

ती. गुणाजीकाकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टाने येणार नाही. हाशम स्वतः घेऊन येईल. त्याला जेवू घाला, मासे करा, इथे त्याने डबाबंद सार्डिनवर दिवस काढले आहेत.

केलं. तिजोरी उघडली, जेवणघरात टेबल मांडून ज्याचा त्याला पासपोर्ट दिला. खणातले सगळे कागद टाइप केले. सुटे भाग आणायला रियाधला, मालाची तपासणी करायला जेद्दाला. इतके सुटे भाग आणायला माणसं जाताना या देशाने कधी पाहिली नसतील. कंपनीच्या दोन बसगाड्या दिल्या. पहिल्या चौकीवर मी सोबत गेलो. शिपाई पोरगेला होता, त्याने पत्रांवरचा शिक्का पाहिला, मजकूर वाचलाच नाही, आणि यल्ला, चला, म्हणून हात हलवला.

सगळे गेले नाहीत. काहीजण म्हणाले, नोकरी सोडून गेलो तर सगळ्या वर्षांची, नोकरीअखेर मिळायची रक्कम बुडेल, त्यापेक्षा बॉम्ब परवडला. त्यांना मी चूक म्हणू शकलो नाही. त्यांच्यासाठी मलाही राहायला हवं. ऑफिसातले मुखवटे आता त्यांच्याकडे आहेत.

आता नीट ऐका. मॅनेजरला मी कळवणार की माणसं घाबरून पळाली. लढाईच्या गोंधळात ते खपेल. शेख कागद मोजत बसणारा नाही. जेद्दाला पोचलेल्यांना विमानात जागा मिळेपर्यंत वेळ लागेल, ते तिथे एका यात्रेकरूंच्या मुसाफिरखान्यात राहतील. तोवर आणि त्यानंतरही ही गोष्ट तुमच्या, हाशमच्या आणि माझ्या बाहेर जाता कामा नये. ममतालाही नको. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून दोनदा लिहितो: कुणाला सांगू नका.

कित्येक आठवड्यांनी आज जेवल्यासारखं जेवलो.

लोभ तुमचा, भार माझा, दोन्ही टिकोत.

चंदन


देवरुख,
दि. २ फेब्रुवारी १९९१

चि. चंदन यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

हाशम आला. सुरमई केली होती. जेवताना तो रडला आणि मग हसला. असा मुलगा आमच्या घरात जन्मला, याचा मला जो अभिमान वाटतो तो कागदावर मावत नाही. लढाई सुरू झाल्यापासून रेडिओपासून हललो नाही. हफ्रचं नाव ऐकलं की हातातलं काम सुटतं. दोन ओळी तरी पाठव.

जनरलची गोष्ट पुरी करतो. फाशी ठरली होती. वर्ष उलटायच्या आत जन्मठेप झाली, कारण इंग्लंडातल्या बड्या सेनापतींनी त्याच्यासाठी पत्रं लिहिली. आपण हुकूम देणाऱ्यांनी हुकूम देणाऱ्याला लटकवलं तर उद्या आपलं काय, एवढं त्यांना कळत होतं. तुरुंगात त्याला बाग दिली, पुस्तकं दिली. पुढे रशियाशी वाकडं आलं, जर्मन सैन्य पुन्हा उभं करायचं ठरलं, आणि कैदेतले जनरल एकाएकी आजारी पडू लागले. याचं हृदय अधू निघालं. सोडलं. त्या अधू हृदयावर तो वीस वर्षं जगला. पूर्ण हुद्द्याचं पेन्शन घेतलं, जुन्या सैनिकांच्या मेळाव्यांत हार घातले. आत्मचरित्र लिहिलं. ते मी मुंबईच्या एका ग्रंथालयात बसून इंग्रजीतून वाचलं. घोड्यांवर एक प्रकरण आहे. त्या गावाचं नाव नाही.

ही त्याची शिक्षा. हे सगळं मी सव्वीस जानेवारीच्या सभेत सांगितलं. सभा मोठी झाली, शाळेचं पटांगण पुरलं नाही. शेवटाला मी म्हटलं की हुकूम पुढे धाडणाऱ्यांना पेन्शन मिळतं, पण हुकूम अडवणारे अजून जन्माला येतात, आणि त्यांतला एक आपल्या तालुक्यातला आहे, या घटकेला आखाती लढाईच्या तोंडावर उभा आहे. तुझं नाव घेतलं नाही. कंपनीचंही नाही. हाशम पुढे बसला होता, लोकांनी आग्रह केला म्हणून त्याला उभं केलं आणि त्याने दोन शब्द सांगितले, सह्या केलेल्या कोऱ्या कागदांची युक्ती, बसगाड्या, तेवढंच. लोक उभे राहिले रे. माझ्या सगळ्या आयुष्यात अशी सभा झाली नव्हती. रत्नागिरीच्या साप्ताहिकात वृत्तांत आला आहे. तू काळजी करशील म्हणून सांगतो, त्यातही नाव नाही, 'वक्त्यांचे पुतणे' एवढंच आहे.

आशीर्वाद कमी पडणार नाहीत, तू पडू देऊ नकोस.

तुझा,
गुणाजीकाका


रत्नागिरी,
दि. ११ मार्च १९९१

ती. गुणाजीकाकांस,
ममताचा सा. न. वि. वि.

मी तुम्हाला यापूर्वी पत्र लिहिलं नव्हतं. घरात पत्रं तुम्ही आणि हे, दोघंच लिहिता, मला फक्त सगळं शांत आहे एवढं कळवण्यात येतं.

काल शाळेत फोन आला. रियाधला त्यांच्या कंपनीचं ओलाया भागात ऑफिस आहे, तिथे हिशेब विभागात रत्नागिरीचेच कुमार म्हणून आहेत. त्यांनी सांगितलं की साप्ताहिकातलं तुमच्या भाषणाचं कात्रण कुणाच्या तरी भावाने कौतुकाने कॅम्पावर पाठवलं. मागे राहिलेल्या लोकांत ते हातोहात फिरलं आणि फिरत फिरत ऑफिसात पोचलं. मॅनेजरने कुमार यांच्याकडून ते ओळीओळीने भाषांतर करून घेतलं. कुमार यांनी दोन वाक्यं गाळली, पण हाशमभाईंनी सांगितलेली युक्ती गाळता आली नाही, कारण तिथे शेख स्वतः बसले होते. सात वर्षांचा विश्वास मोडला म्हणून ते म्हातारे गृहस्थ रडले म्हणे. मग तक्रार झाली. यांना लढाई थांबल्यावर चौथ्या दिवशी धरलं. आता ते रियाधच्या तुरुंगात आहेत.

तुम्ही नाव घेतलं नाही, हे मला तीन जणांनी येऊन सांगितलं. चुलत्याला पुतणा एकच आहे.

कंपनीला बोभाटा नको आहे. मॅनेजरने यांना सांगितलं आहे की कागद कामगारांनी खणातून चोरले असं लिहून सही द्या, तक्रार त्यांच्यावर फिरवू, तुम्ही सुटाल, नोकरीही राहील. जेद्दाच्या मुसाफिरखान्यात अजून काही माणसं जागा मिळायची वाट पाहत आहेत. सही झाली तर ती पकडली जातील, हे मला कळतं. ती कुणाची तरी माणसं आहेत, हेही कळतं. मी शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवते. तरी मी सांगते, सही करू द्या.

कुमार आठवड्याने त्यांना भेटतात. ते म्हणतात की चंदन कुणाचं ऐकत नाही, देवरुखच्या काकांचं ऐकेल. मी लिहिलं तर ते मला समजावतील. तुम्ही लिहा. तुमच्या शब्दाने ते आत गेले, तुमच्या शब्दाने बाहेर यावेत. सोबत कुमार यांचा पत्ता आहे.

मोठ्यांनी लोभ ठेवावा, असं लिहायची रीत आहे. लिहिते.

ममता


देवरुख,
दि. १४ मार्च १९९१

चि. चंदन यास,
अनेक आशीर्वाद.

सही कर.

मी चार वेळा मोठं पत्र लिहायला बसलो आणि चारही फाडली. त्या पत्रांत मी स्वतःला शहाणा ठरवत होतो. तू दोनदा लिहिलं होतंस, कुणाला सांगू नका. मी नाव गाळलं आणि समजलो की शब्द पाळला.

मला त्या माणसांची तोंडं दिसत नाहीत, तुझं दिसतं. ज्या गोष्टीवर मी आयुष्यभर लोकांना उभं केलं ती तुझ्याबाबतीत मला पेलत नाही. मॅनेजर सांगेल ते लिहून दे. चोरले म्हण. त्यांचं जे व्हायचं ते होईल, ते तरुण आहेत, सुटतील. तूही तरुण आहेस हे मला लिहिताना कळतं आहे. तरी सही कर आणि घरी ये.

हाशमला हे पत्र दाखवलेलं नाही. तो रोज येऊन बसतो.

काका


रियाध,
दि. २१ एप्रिल १९९१

ती. गुणाजीकाकांस,
सा. न. वि. वि.

कुमार कागद आणि पेन देऊन गेले म्हणून लिहिता येतं आहे. प्रकृती बरी आहे. जेवण बरं आहे, डाळ पातळ असते. ममताला वेगळं पत्र लिहिलं आहे, त्यात पहिल्यांदाच खरं लिहिलं.

निकाल झाला. दीड वर्ष, त्यानंतर कायमची रवानगी, या देशात पुन्हा पाऊल नाही. कागद खोटे नव्हते, सही खरी, शिक्का खरा, फक्त मजकूर माझा, त्यामुळे काझीला बराच विचार करावा लागला. शेख आले होते. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले की मागितलं असतंस तर मी दिलं असतं. दिलं असतं की नाही मला माहीत नाही, काका. मी मागितलं नाही, हे खरं. त्या एका वाक्यापुढे माझी बाकीची सगळी बाजू लंगडी पडली.

तुमचा कॅप्टन बदलीवर सुटला, कारण त्याच्या नाही म्हणण्याचा वरच्यांना पत्ता लागला नाही, आणि पत्ता लागला तेव्हा त्याचा देश हरला होता. आमची कंपनी जिंकली. कॅम्पावर काही पडलं नाही. एकदा दूर स्फोट झाला, जेवणघराच्या काचा गेल्या, बस. जे थांबले त्यांना तीन महिन्यांचा पगार बक्षीस मिळाला आणि मॅनेजरला बढती. जे गेले त्यांतल्या एकाने कुमारना लिहिलं आहे की चंदनने घाई केली आणि आमच्या नोकऱ्या घालवल्या. जनरलच्या गोष्टीत तुम्ही हे सांगितलं नव्हतं. त्या रिकाम्या सापडलेल्या गावातले लोकही कदाचित पुढे म्हणाले असतील, आमची गुरं उगाच मागे राहिली.

मी सही केली नाही. तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या आठवड्यात मी नाही म्हणून टाकलं होतं. आधी आलं असतं तर काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारत नाही. जेद्दाची माणसं परवा विमानात बसली, सगळी.

तुमच्यावर राग आहे. तो लवकर जाणार नाही, आणि गेला असं मी खोटं लिहिणार नाही. माझ्याबद्दल पुन्हा कुठल्या सभेत बोलू नका, चांगलंही नको. जनरलबद्दल बोलत राहा.

तुमच्या पत्राचं काय झालं ते सांगायचं राहिलं. माझ्या कोठडीत संगमेश्वरकडचे दोघं आहेत, गाडीच्या अपघातात अडकलेले. दोघांनी तुमची भाषणं ऐकली आहेत. एकजण तर तुमच्यासारखा हात वर करून दाखवतो आणि सगळ्यांना हसवतो. देवरुखच्या काकांचं पत्र आलं म्हटल्यावर ते सरसावून बसले, मोठ्याने वाचून दाखव म्हणाले. नाही म्हणता येईना. मग मी पत्र उघडून डोळ्यांसमोर धरलं आणि तुम्ही जे लिहायला हवं होतं ते वाचत गेलो. सही करू नकोस. ती माणसं तुझ्या पत्रावर बाहेर पडली, तुझ्या सहीने आत जाता कामा नयेत. बरंच लांबवलं, मधे विहिरी आणि तेलही घातलं. दोघं माना डोलावत होते. शेवटी एकजण म्हणाला की काका अगदी असेच बोलतात, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

नंतर ते पत्र बारीक फाडून मोरीत सोडलं. तुम्हीही कुणापाशी त्याचा उल्लेख करू नका.

लोभाचं पुढे पाहू.

चंदन